पेपरात पैकीच्या पैकी, बाळाजवळ मात्र अडखळतात

पत्र :

ताई, मी भुदरगड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आहे. बी.ए.एम.एस. झाले, ब्रिज कोर्स केला आणि दोन वर्षांपूर्वी इथं रुजू झाले. गेल्या महिन्यात तालुक्यातल्या आशांच्या उजळणी प्रशिक्षणात नवजात बाळाची काळजी आणि बीपी-शुगर हे दोन विषय माझ्याकडे आले. रात्री जागून स्लाइड्स केल्या. शेवटी पेपर घेतला, तर बहुतेकींना २० पैकी १८-१९. फार बरं वाटलं. पुढच्याच आठवड्यात माझ्या उपकेंद्रातल्या एका आशाताईंबरोबर गृहभेटीला गेले. बाळ अंगावर पीत होतं. ताईंनी घड्याळाकडे बघत १५ सेकंद श्वास मोजले, चारानं गुणले आणि ४० लिहून मोकळ्या झाल्या. याच ताईंनी पेपरात ‘पूर्ण एक मिनिट’ असं बरोबर लिहिलं होतं. मी तिथंच टोकलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, मी आशा झाले तेव्हा तुम्ही शाळेत होता.” दुसऱ्या एका ताई पेपरच्या दिवशी दरवेळी आजारी असतात. त्यांना लिहायला जड जातं, असं आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक सांगतात. गावात मात्र त्यांच्या शब्दाला मोठा मान आहे. यांना शिकवायचं तरी कसं? आणि शिकवायचा मला अधिकार काय? पुढची बॅच दिवाळी झाल्या झाल्या आहे.

– एक सीएचओ, भुदरगड तालुका

उत्तर :

तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं, कारण पेपर तपासून झाल्यावरही तुम्ही गृहभेटीला गेलात. पुष्कळ प्रशिक्षक गुणांचा तक्ता वर पाठवतात आणि तिथंच थांबतात. तुम्ही गेलात म्हणून ते ४० तुमच्या नजरेला पडले.

आता त्या ४० कडे नीट बघू. ताईंना उत्तर येत होतं. पण तुमच्या वर्गात, त्याआधीच्या वर्गांत, त्यांनी खऱ्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर किती वेळा मोजले? माझा अंदाज, एकदाही नाही. ‘मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे धोका’ हे वाक्य त्यांनी बऱ्याचदा ऐकलंय, लिहिलंय. मोजताना काय काय अडतं, ते त्यांना कुणी करून दाखवलेलं नाही आणि त्यांच्याकडून करूनही घेतलेलं नाही. माझं सगळं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे. आशाला जे काम घरात, एकटीनं, कुणी मदतीला नसताना करायचंय, ते तिच्या हातून आणि तिच्या तोंडून आधी तुमच्यासमोर झालं पाहिजे. ऐकून आणि लिहून ते येत नाही.

श्वासांचंच घ्या. नवजात बाळाचा श्वास मोठ्या माणसासारखा एका लयीत चालत नाही. भराभर चालतो, मध्येच काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. तुम्ही धरलेले १५ सेकंद नेमके त्या थांब्यावर पडले, तर ६० च्या वर श्वास असलेलं बाळही ४० वर येतं. दूध ओढताना तर लय आणखी बदलते. म्हणून बाळ शांत हवं, पीत नसलेलं हवं, छाती-पोटावरचं कापड वर केलेलं हवं, आणि मिनिट पूर्ण हवं. ६० किंवा जास्त आले तर परत एकदा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, तर बाळाला दवाखान्यात पाठवायचं. ‘पूर्ण मिनिट’ का, हे असं कारणासकट समजलं की ताई ते विसरत नाहीत. नुसता नियम म्हणून सांगितलं, की सहा घरं, रजिस्टर आणि घरी जनावरं सोडायची घाई यात तो नियम सगळ्यात आधी गळतो.

शिकवायचं असं : तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी घ्या आणि एकावेळी आठ-दहा आशांना प्रसूती कक्षात न्या. आईला विचारा, तिची हरकत नसेल तरच. एका बाळाजवळ दोन आशा उभ्या करा. दोघींनी एकाच वेळी, तोंडानं न बोलता मोजायचं, आकडा पेनानं आपापल्या तळहातावर लिहायचा, मग दोघींनी हात एकदम उघडायचे. एकीचे ४८ आणि दुसरीचे ६१ असे निघाले, की तिथं जी चर्चा होते ती तुमच्या कुठल्याही स्लाइडपेक्षा मोलाची. एक म्हणेल, मी पोट वर येतानाही धरलं आणि खाली जातानाही. दुसरी म्हणेल, माझी नजर घड्याळावर गेली आणि दोन-तीन निसटले. मग त्यांनाच तोडगा सापडतो : मिनिट संपल्याचा आवाज देणारं घड्याळ लावायचं आणि नजर पोटावरून हलवायची नाही. दोघींचे आकडे तीन-चारच्या आत येईपर्यंत परत मोजायचं. परत म्हणजे खरंच परत. इथं वेळ गेला तरी जाऊ द्या, दोन स्लाइड कमी दाखवा.

वजनकाट्याचंही तसंच. काटा टांगल्यावर झोळीसकट शून्यावर आहे का, नजरेच्या रेषेत आहे का, हे बघायची सवय हाताला लागते. किराणा दुकानातली किलोची साखरेची पिशवी प्रत्येकीला काट्यावर लावायला सांगा. ज्यांच्या काट्यात ती सव्वा किलो भरते, त्यांचा काटा बदलून मागा. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतो आपण. पाव किलोची चूक असलेला काटा ते बाळ आपल्या नजरेआड करतो.

तुम्ही ज्या कामाची उजळणी घेताय, त्याचं मूळ आपल्याच राज्यात आहे, हे वर्गात जरूर सांगा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत साध्या गावच्या बायांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि २०११ पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हे देशभरातल्या आशांचं काम झालं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, या सहा भेटी त्याच कामाचा भाग आहेत. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फार पुढं मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी तिथं मण्यांचं एक साधं साधन केलं होतं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनियाची शंका. ज्यांना आकडे लिहिता येत नव्हते, त्यांनी असं निदान केलं. तुमच्या पेपरच्या दिवशी आजारी पडणाऱ्या ताईंचा विचार करताना हे डोक्यात असू द्या.

त्या ताईंविषयी आधी एक साधी चौकशी करा. त्यांचं वय काय? चाळिशी उलटलेली असेल, तर कदाचित त्यांना अक्षर दिसतच नसेल. मोबाइलवरच्या ॲपचं बारीक लिखाण, थर्मामीटरचे आकडे, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत, सगळं अंदाजानं चाललेलं असतं आणि बाई लाजेनं बोलत नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. सगळ्याच आशांची जवळची नजर एकदा तपासून घ्या, म्हणजे कुणा एकीकडं बोट दाखवल्यासारखं होणार नाही. पुष्कळदा चष्म्यानं निम्मा प्रश्न सुटतो.

चष्म्यानं सुटला नाही, लिहिणंच खरंच जड जात असेल, तर त्यांची परीक्षा करून दाखवण्यावर घ्या. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात करायचं, तर घरातलं एक लिटर कशानं मोजणार, हे त्यांना हंडा-तांब्यासमोर उभं करून विचारा. जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस द्यायचं, हे आईला कसं पटवणार, ते बोलून दाखवायला सांगा. मला वाटतं, त्या यात बऱ्याच जणींच्या पुढं असतील. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभ्या केलेल्या कामात गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून ज्या बाया आल्या, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. त्या आठवड्याच्या आठवड्याला शिकायला येत, गावात जाऊन करत, अडलेलं घेऊन परत येत. वर्षातून एकदा पाच दिवस कोंबून शिकवण्यापेक्षा हे किती वेगळं आहे बघा. तुमच्या उपकेंद्राच्या महिन्याच्या बैठकीत तासभर जरी याला दिलात, तरी पुष्कळ होईल. मात्र नोंद अचूक हवी, यात सूट नाही. त्यांचं रजिस्टर घरातली मुलगी भरत असेल, तर कुणाच्या घरातली कुठली गोष्ट तिच्या डोळ्याखालून जाते, हेही त्यांच्याशी एकांतात बोला. कुणाला गर्भपात झाला, कुणाला टीबी आहे, हे रजिस्टरमधून गावात पसरलं, तर त्या ताईंचा सगळा मान एका दिवसात जाईल.

आता “तुम्ही शाळेत होता” म्हणणाऱ्या ताई. आशा योजना २००५ ची. त्या पहिल्या काही वर्षांतच लागल्या असतील, तर त्यांनी तुमच्या आधी किती आरोग्यसेविका, किती डॉक्टर येऊन बदलून गेलेले बघितलेत. कोरोनात ऑक्सिमीटर घेऊन याच दारोदार फिरल्या. अशा बाईला तुम्ही बाळाच्या आईसमोर टोकलंत. चूक दाखवणं योग्यच होतं, जागा चुकली. त्या घरात ताईंचा शब्द चालतो म्हणून बाळाला लस मिळते, म्हणून गरोदर सून वेळेत दवाखान्यात जाते. तो शब्द तुमच्यासमोर हलका झाला, हे त्यांना लागलं. तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि सरळ सांगा की त्या घरात बोलायला नको होतं. पण त्याच बैठकीत, श्वास पूर्ण मिनिट का मोजायचे, हेही सांगा. मान राखायचा म्हणून चुकीचा आकडा पोटात घालू नका. पुढच्या वेळी घरात असं झालं, तर एवढंच म्हणा, “ताई, बाळाचं पिऊन होऊ दे, मग दोघी मिळून मोजू.” चूकही सुधारते आणि घरच्यांना काही कळत नाही.

अधिकाराचं विचारलंत, तर तो तुम्हाला आहेच. उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झाल्यापासून तिथल्या चमूच्या प्रमुख तुम्ही आहात आणि आशा त्या चमूत आहेत. उद्या एखादं बाळ दगावलं तर प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. पण शिकवणाऱ्याला आणखी एक अधिकार लागतो. आपल्याला जे येत नाही ते ज्यांना येतं, त्यांच्याकडून घेण्याची तयारी असेल, तरच तो मिळतो. दारात सासू अडवते तेव्हा काय बोलायचं, हे तुमच्या पुस्तकात नाही. या ताईंना ते येतं.

म्हणून पुढच्या बॅचमध्ये दाराबाहेरचं नाटक करा आणि ते बसवायची जबाबदारी या ताईंवर द्या. एक सासू, एक सून, एक आशा. सासूचं काम करणारी अशी निवडा, जी खरोखर अडवेल. “बाळ आत्ता कुठं झोपलंय, कशाला उठवतासा?” “आमच्या येळंला कोण वजनं करत हुतं? झालीच की पोरं मोठी.” नवीन आशा इथं गप्प होते, नाहीतर पुस्तकातलं वाक्य बोलते. जुनी आशा म्हणेल, “मावशी, झोपू द्या की. झोपल्यालंच बरं, श्वास नीट मोजता येत्यात. तुमीबी बसा जवळ.” आणि हे शास्त्रालाही धरून आहे, झोपलेलं बाळच मोजायला उत्तम. अशी उत्तरं वर्गात निघाली की लिहून घ्या, कुणाचं उत्तर ते नावानिशी सांगा. घुटी, काजळ, शेगडीचा धूर, पहिल्या दिवसाची आंघोळ, सगळ्यावर असंच करा. सासूला खोटं पाडलं तर पुढची भेट दारातूनच परत. आणि धोक्याची लक्षणं घरच्यांच्या शब्दांत शिकवा, म्हणजे आशा नसतानाही आईच ओळखेल : कालपेक्षा कमी पितंय, रडणं बारीक झालंय, हातपाय ढिले पडलेत, पोटाला हात लावला तर गार लागतंय, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय.

तुमचा दुसरा विषय बीपी-शुगरचा. तिथं एकच उदाहरण देते, कारण बाकी सगळं त्याच वाटेनं जातं. बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका जोखायला तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरायचा असतो, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या बायकांना “तंबाखू खाता का?” विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, आणि ते त्या खोटं सांगत नाहीत. सकाळ-संध्याकाळ दाताला मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणं त्यांच्या हिशेबात तंबाखूत येतच नाही. तंबाखूच्या रोजच्या वापराला या फॉर्मात २ गुण आहेत आणि बेरीज ४ च्या वर गेली की त्या बाईला तपासणीसाठी आधी बोलवायचं. म्हणजे एका चुकीच्या प्रश्नामुळं जिला आधी बोलवायला हवं ती यादीत मागं पडते. आशाला शिकवा, “दात कशानं घासता?” असं विचारायला. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम, पूर्ण न उघडणारं तोंड हेही तेव्हाच बघून होतं. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न आपल्या गावच्या बोलण्यात कसा विचारायचा, हे आशांनाच ठरवू द्या. दुपारचं एक सत्र एवढ्यावरच घालवा.

माहेरचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या तालुक्यातल्या पुष्कळ भेटी तिथं बुडत असतील. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या आशाला वाटतं ती तिकडं गेली, माहेरच्या आशाला उशिरा कळतं. मग तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट, म्हणजे सगळ्यात जास्त जोखमीचे दिवस, कोऱ्या राहतात. पुढं बाळ तिसऱ्या महिन्यात माहेरी आणि सहाव्या महिन्यात सासरी, म्हणून मोठ्या बाळाच्या भेटीही तशाच निसटतात. प्रशिक्षणात शेजारशेजारच्या गावांच्या आशांना एकत्र बसवा. आठव्या-नवव्या महिन्यातली कुठली बाई कुठं जाणार, हे त्यांनी एकमेकींना सांगायचं, फोन नंबर घ्यायचे. नोंदणी सासरी झालेली असली तरी भेटी जी करेल तिच्या नावावर मोबदला जाईल, हे गटप्रवर्तकांकडून आधीच स्पष्ट करून घ्या. नाहीतर पैशावरून कुरबूर होते आणि बाळ मध्येच राहतं. गाळप हंगामात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्याही (झोपड्याही) याच बैठकीत वाटून घ्या.

आणि पैशाचं सरळ बोलते. आशांना कामावर मोबदला मिळतो. हॉलमध्ये बसलेल्या दिवशी भेटी होत नाहीत, शेतातली मजुरीही बुडते. वाड्यावस्त्यांवरच्या, धनगरवाड्यावरच्या ताईंना शेवटची एसटी गाठायची असते. त्या पेंगतात, घड्याळ बघतात, तेव्हा त्यांना शिकायची आवड नाही असा अर्थ काढू नका. बॅच साडेदहाला सुरू करा, चारला सोडा, प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात पडेल असं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून करून घ्या. तारीखही बदलून मागा. दिवाळी झाल्या झाल्या तुमच्याकडं भाताची सुगी जोरात असते. घरी कापणी पडलेली असताना बाईचं मन हॉलमध्ये लागणार नाही. दोन-तीन आठवडे पुढं ढकलली तर काही बिघडत नाही.

ताईंनी एखादं बाळ थोरल्या दवाखान्यात, म्हणजे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवलं, तर तिथं काय झालं हे त्यांना कळतं का? बहुतेक नाही. गारगोटीहून पन्नासेक किलोमीटर बाळ जातं आणि बातमी येते ती घरच्यांकडून, अर्धीमुर्धी. प्रत्येक पाठवलेल्या बाळाची चौकशी तुम्ही फोनवर करा आणि ती आशापर्यंत पोचवा : ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत, जंतुसंसर्ग होता, आठवडाभर उपचार झाले. किंवा, बाळाला काही नव्हतं, तरी पाठवलंत ते योग्यच. पाठवलेलं बाळ ठणठणीत निघालं म्हणून कुणी आशाला बोललं, तर ती पुढच्या वेळी वाट बघत बसते, आणि नवजात बाळ वाट बघू देत नाही. हे तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सगळ्यांनाही सांगा, कारण असं बोलणारे बऱ्याचदा तिथलेच असतात.

लेखी पेपर वरून आलाय तो घ्यावाच लागेल. घ्या. पण त्याच्या जोडीला तुमची स्वतःची एक वही ठेवा. प्रत्येक आशाच्या नावापुढं तीनच रकाने : श्वास मोजून दाखवले का, काटा तपासून वजन केलं का, अडवणाऱ्या सासूशी बोलून दाखवलं का. बॅचनंतर महिन्याभरात तुमच्या स्वतःच्या आशांबरोबर एकेक गृहभेट करून तेच तीन रकाने पुन्हा भरा. बाकीच्या आशांसाठी गटप्रवर्तकांना ही वही दाखवा आणि एका भेटीला त्यांना सोबत न्या, म्हणजे काय बघायचं ते त्यांना कळेल. पहिली भेट त्या रागावलेल्या ताईंबरोबर करा, मात्र आधी त्यांच्या घरी चहाला जाऊन या.